टोर्नेडोच्या पट्ट्यात घर बांधतोय: ड्रायवॉल लागायच्या आत काय काय करून घ्यावं?

आर्द्रा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आम्ही ओक्लाहोमात राहतो. सहा वर्षं भाड्याच्या घरात काढली, आता पहिल्यांदाच स्वतःचं घर बांधतोय. पाया ओतून झाला, भिंतींचा लाकडी सांगाडा उभा आहे, छपराचे वासे चढलेत. दोन आठवड्यांनी आतून ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) लागेल आणि मग भिंतीच्या पोटात काय आहे ते कुणालाच दिसणार नाही. म्हणून घाईघाईने हा धागा काढते आहे.

गेल्या मे महिन्यात रात्री साडेदहाला सायरन वाजला. मुलीला उचललं, नवऱ्याने गाद्या ओढल्या आणि आम्ही कपड्यांच्या क्लोझेटमध्ये जाऊन बसलो. सासूबाईंचे गुडघे पार गेलेत, त्यांना जमिनीवर बसता येत नाही. क्लोझेटमध्ये खुर्ची मावेना, म्हणून त्या दाराबाहेर पॅसेजमध्ये खुर्चीवर बसल्या, डोक्यावर उशी धरून. वीस मिनिटं मी दाराच्या फटीतून त्यांची पावलं बघत होते. टोर्नेडो आमच्यापासून बराच लांबून गेला. पण ती पावलं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

बिल्डरला विचारलं की घर मजबूत करण्यासाठी काय करता येईल, तर तो म्हणाला, "टोर्नेडो आला तर काहीच टिकत नाही, उगाच पैसे घालू नका." हे खरं आहे का? इथे कुणी बांधकामातलं असेल तर कृपया सांगा.

---

सुतारपक्षी

आर्द्राताई, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि वादळानंतर पडझडीच्या पाहण्यांना गेलो आहे. तुमच्या बिल्डरचं वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. ते अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणामुळेच घरं पडतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टोर्नेडोची तीव्रता ईएफ० ते ईएफ५ अशी मोजतात. ईएफ० म्हणजे ताशी ६५ ते ८५ मैल, ईएफ२ ची वरची मर्यादा १३५ आणि ईएफ५ म्हणजे २०० च्या वर. बातम्यांत आपण ईएफ४-ईएफ५ बघतो. प्रत्यक्षात अमेरिकेत वर्षाला हजार-बाराशे टोर्नेडो होतात आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त ईएफ२ किंवा त्याखालचे असतात. दुसरी गोष्ट, अगदी ईएफ५ टोर्नेडोतही तो कमाल वारा फार अरुंद पट्ट्यात असतो. त्याच्या वाटेत सापडलेल्या बहुतेक घरांना ईएफ२ पर्यंतचाच मार बसतो. एवढ्या वाऱ्यासाठी लाकडी घर बांधता येतं.

घर पडतं कसं, ते बघा. वारा आधी गॅरेजचं दार आत ढकलतो. ते रुंद, पातळ आणि कडेच्या रुळांवर तरंगणारं असतं, म्हणून सगळ्यात आधी तेच जातं. वारा आत शिरला की घर फुग्यासारखं फुगतं. आतून छताला वर रेटा आणि बाहेरून छपरावर ओढ, दोन्ही एकाच दिशेने. छप्पर सुटलं की भिंतींना वरून धरणारं कुणी राहत नाही आणि त्या पत्त्यांसारख्या बाहेर पडतात. लाकूड मोडल्यामुळे घर गेलं असं फार क्वचित दिसतं. लाकूड शाबूत असतं, जोड सुटलेला असतो.

गुरुत्वाकर्षण घराला खाली दाबतं, म्हणून सुतार सवयीने वासा भिंतीवर ठेवतो आणि दोन-तीन तिरके खिळे मारून मोकळा होतो. वजन पेलायला ते पुरतं. टोर्नेडोत घर वर उचललं जातं आणि तिरके खिळे लोण्यातून सुरी काढावी तसे बाहेर येतात. त्यावर उपाय म्हणजे छपरापासून पायापर्यंत जोडांची सलग साखळी. वासा आणि भिंत यांच्यामध्ये हरिकेन क्लिप (दोन्हींना खिळ्यांनी जखडणारी धातूची पट्टी), वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीला पट्टीने बांधलेली, भिंतीवर प्लायवूड किंवा ओएसबीचे (लाकडाच्या कपच्या दाबून केलेले) सलग तक्ते, आणि भिंतीची तळपट्टी काँक्रीटमध्ये रुतवलेल्या अँकर बोल्टला वॉशर-नट लावून आवळलेली. यातली एक कडी कच्ची असेल तर बाकीच्या पक्क्या असून उपयोग नाही.

तुमचा सांगाडा अजून उघडा आहे हे फार चांगलं झालं. आज ज्या कामाला एक दिवस लागेल, त्याच कामाला ड्रायवॉल लागल्यावर भिंती फोडाव्या लागतील.

---

पारवा

वाचतोय. सुतारपक्षी, असंच लिहीत राहा.

---

मेघडंबरी

मूरचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? ओक्लाहोमा सिटीला लागून असलेलं हे गाव. ३ मे १९९९ ला एफ५ (तेव्हा जुनी मोजपट्टी होती), २००३ च्या मेमध्ये पुन्हा मोठा टोर्नेडो, आणि २० मे २०१३ ला ईएफ५. त्या शेवटच्यात २४ माणसं गेली. त्यातली सात मुलं एका प्राथमिक शाळेतली होती आणि त्या शाळेत शेल्टर नव्हतं. मी तेव्हा तिथून वीस मैलांवर होते. पुढचे कित्येक दिवस अंगणात कुणाकुणाच्या घरातले कागद उडून येत होते. एक तर मुलाचं प्रगतिपुस्तक होतं.

त्यानंतर २०१४ मध्ये मूरने स्वतःचा बांधकाम नियम बदलला. टोर्नेडो डोळ्यांसमोर ठेवून घरांचा नियम करणारं ते देशातलं पहिलं शहर. पूर्वी ताशी ९० मैलांचा हिशेब धरायचे, तो १३५ केला. क्लिप, सलग तक्ते, अंगावर खाचा असलेले खिळे आणि वारा झेलणारं गॅरेजचं दार हे सगळं नव्या घरांना सक्तीचं झालं. खर्च किती वाढला? चौरस फुटामागे साधारण एक डॉलर. घरं महाग होतील, बिल्डर गाव सोडून जातील अशी ओरड झाली होती. तसं काही झालं नाही. गाव वाढतच राहिलं.

आर्द्रा, बिल्डरला हे सांग. शेजारच्या गावात जे रोज बांधतात ते आपल्याकडे अशक्य कसं?

---

सुतारपक्षी

मेघडंबरी, +१. त्यात एक भर. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ९० वरून १३५ म्हणजे दीडपट वेग, पण जोर सव्वादोन पट. नुसते दोन खिळे जास्त मारून हे भागत नाही. जोडाची पद्धतच बदलावी लागते.

---

एकटाजीव

हरिकेन क्लिप, चक्रीवादळ, टोर्नेडो... माझा गोंधळ होतोय. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो तेच ना हे?

---

मेघडंबरी

नाही. चक्रीवादळ म्हणजे हरिकेन. ते समुद्रावर तयार होतं, शेकडो मैल पसरतं आणि चार-पाच दिवस आधी कळतं. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो. रुंदी बहुधा काही शे यार्ड आणि आयुष्य काही मिनिटांचं. इशारा मिळाल्यापासून हातात सरासरी दहा-बारा मिनिटं असतात, कधी तेवढीही नाहीत. म्हणून हरिकेनपासून गाव सोडून पळता येतं, टोर्नेडोसाठी आसरा घरातच असावा लागतो.

पळण्यावरून आठवलं. मूरनंतर अकराच दिवसांनी, ३१ मे २०१३ ला, एल रेनोजवळ २.६ मैल रुंदीचा टोर्नेडो झाला. मूरची दृश्यं ताजी होती, त्यामुळे माणसं घाबरून गाड्या काढून निघाली. महामार्ग तुंबले, हजारो लोक उघड्यावर गाडीत अडकले. तो टोर्नेडो शहरावर चालून आला असता तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. त्याच रात्री पाण्याच्या नाल्यात आसरा घेतलेले काही जण अचानक आलेल्या पुरात वाहून गेले.

---

रानवाटा

मी अलाबामात मोबाईल होममध्ये राहतो. घर भाड्याचं, जमीन दुसऱ्याची. हे क्लिप आणि बोल्ट माझ्या हातात नाहीत. आमच्यासारख्यांनी काय करायचं ते कुणी मनापासून सांगेल का? दर वेळी "मोबाईल होममध्ये थांबू नका" एवढंच ऐकतो. मग जायचं कुठे?

---

सुतारपक्षी

रानवाटा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. देशातल्या एकूण घरांमध्ये मोबाईल होम थोडी आहेत, पण टोर्नेडोत जाणाऱ्या माणसांत तिथे राहणाऱ्यांचा वाटा कायम मोठा असतो. घर पायाशी नीट जखडलेलं नसेल तर ईएफ१ मध्येही ते गडगडत जातं.

तुमच्या बाबतीत वेळ हाच आसरा. टोर्नेडो वॉच म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, पुढच्या काही तासांत होऊ शकतो. वॉर्निंग म्हणजे रडारवर दिसला किंवा कुणी डोळ्यांनी पाहिला. पक्क्या घरातल्या माणसाने वॉर्निंगला हलावं. तुम्ही वॉचलाच हलायचं. तुमच्या राज्यात बऱ्याच काउंट्यांनी सार्वजनिक शेल्टर बांधली आहेत. सर्वात जवळचं कुठलं आणि रात्री उघडतं का, ते आपत्कालीन व्यवस्थापन कार्यालयाला आजच विचारा. एकदा दिवसा आणि एकदा रात्री गाडीने तिथे जाऊन या. जवळ शेल्टर नसेल तर पक्क्या घरातल्या एखाद्या ओळखीच्या कुटुंबाशी आधीच बोलून ठेवा. वॉच लागल्यावर मागायला संकोच वाटतो, आत्ता नाही वाटणार.

तुमच्याकडे रात्रीचे टोर्नेडो जास्त होतात, म्हणून झोपेतून उठवेल असा वेदर रेडिओ उशाशी ठेवाच. सायरनवर विसंबू नका. तो उघड्यावर असलेल्यांसाठी असतो, बंद घरात झोपलेल्याला ऐकू येईलच असं नाही.

---

रानवाटा

मनापासून आभार. उद्याच फोन करतो. ऑफिसातले एक काका पक्क्या घरात राहतात, त्यांच्याशीही बोलतो.

---

दिठी

आम्ही अपार्टमेंटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर आहोत. तळमजल्यावरच्या बाईंशी बोलून त्यांच्या आतल्या बाथरूममध्ये जायचं ठरवलंय. एक गोष्ट सुचवते: हेल्मेट. एप्रिल २०११ मध्ये अलाबामात एका दिवसात इतके टोर्नेडो झाले, त्यानंतर बर्मिंगहॅमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी डोक्याच्या इजांवर लिहिलं होतं आणि हेल्मेट वापरावं असं सुचवलं होतं. आमच्याकडे मुलांची सायकलची हेल्मेटं आता क्लोझेटमध्येच टांगलेली असतात. पायात बूटही हवेत. नंतर बाहेर पडताना सगळीकडे काचा आणि खिळे पसरलेले असतात.

---

एकटाजीव

खिडक्या उघड्या ठेवल्या तर दाब सारखा होऊन घर वाचतं असं ऐकलंय. आणि घराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बसावं?

---

मेघडंबरी

दोन्ही चूक. खिडकी उघडायला गेलेला माणूस काचेसमोर उभा राहतो आणि वाऱ्याला आत यायला वाट करून देतो. वर सुतारपक्षींनी लिहिलंय तो फुग्याचा प्रकार मग लवकर होतो. कोपऱ्याची समजूतही तपासून खोटी ठरली आहे. आतली, लहान, बिनखिडकीची, सर्वात खालच्या मजल्यावरची जागा, एवढंच लक्षात ठेव. पुलाखाली तर कधीच थांबू नकोस. तिथे वारा अरुंद जागेतून घुसून आणखी जोर धरतो. १९९९ मध्ये पुलांखाली थांबलेली माणसं गेली आहेत.

टेकडीमागचं गाव सुरक्षित, हीसुद्धा जुनी समजूत. कॅन्ससमधल्या टोपेकाचे लोक बर्नेट्स माउंड टेकडी आपल्याला राखते असं मानायचे. ८ जून १९६६ चा टोर्नेडो त्या टेकडीवरूनच गावात उतरला.

---

आर्द्रा

सगळ्यांचे खूप आभार. काल संध्याकाळी बिल्डरची माणसं गेल्यावर मी आणि नवरा टॉर्च घेऊन सांगाड्यात गेलो. शिडीवर चढून एकेक वासा बघितला. क्लिप एकाही वाशाला नाही. छपराच्या तक्त्यांचे खिळे खालून बघितले तर कितीतरी जागी खिळा वाशाला लागलेलाच नाही, शेजारून नुसताच आत आलाय आणि टोक हवेत. एका वाशावर मी मोजले: अकरापैकी चार खिळे हवेत. पायाचे बोल्ट आहेत, पण तीन ठिकाणी नट नुसता हाताने फिरवून ठेवलेला. माझ्या बोटांनी फिरला तो.

रात्रभर झोप लागली नाही. आता काय करू?

---

सुतारपक्षी

ताई, घाबरू नका, हे सगळं दुरुस्त होतं. हवेत टोक असलेल्या खिळ्याला इथले सुतार 'शायनर' म्हणतात. खिळे-बंदुकीने भराभर काम करताना होतं, मुद्दाम कुणी करत नाही. पण तो खिळा असून नसल्यासारखा.

बिल्डरला लेखी कळवा, फोटोंसकट. तीन मागण्या स्पष्ट लिहा. प्रत्येक वाशाला क्लिप, आणि क्लिपच्या प्रत्येक भोकात खिळा. दोन भोकं रिकामी सोडलेली क्लिप मी पाहणीत नेहमी बघतो. छपराच्या तक्त्यांना अंगावर खाचा असलेले, म्हणजे रिंग शँक, खिळे आणि कडांना ते दाट. हे आडव्या खाचांमुळे लाकूड धरून ठेवतात, गुळगुळीत खिळ्यासारखे सरकून येत नाहीत. आणि सगळे नट पान्याने आवळून घेणं. १९९९ च्या पाहणीत कितीतरी घरांच्या तळपट्ट्या काँक्रीटला फक्त खिळ्यांनी मारलेल्या सापडल्या होत्या. ती घरं पायावरून पुसून टाकल्यासारखी गेली. तुमच्याकडे निदान बोल्ट आहेत.

गॅरेजच्या दाराची ऑर्डर गेली नसेल तर वारा झेलण्याचं मानांकन असलेलं मागवा. आणि ड्रायवॉलच्या आधी एखादा स्वतंत्र निरीक्षक बोलवा. बिल्डरने दिलेला नको, तुम्ही निवडलेला.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मी कुणालाही भेटलो की सांगतो. वर जे लिहिलं ते घर वाचवण्यासाठी. जीव वाचवणं हे वेगळं गणित आहे. १३५ साठी बांधलेलं घर थेट ईएफ४ खाली सापडलं तर जाणारच. माणसांसाठी सेफ रूम, म्हणजे वादळात आसरा घ्यायची खास मजबूत खोली, हवीच. फेमाच्या (अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) निकषांप्रमाणे ती ताशी २५० मैलांच्या वाऱ्यासाठी बांधतात.

---

कौलारू

सेफ रूमचं मूळ टेक्सासमधल्या लबकचं. ११ मे १९७० ला तिथे टोर्नेडो झाला, २६ माणसं गेली. पाहणी करणाऱ्या टेक्सास टेक विद्यापीठाच्या इंजिनिअरांना दिसलं की अख्खं घर गेलेलं, पण मधलं क्लोझेट किंवा बाथरूम कितीतरी ठिकाणी उभं. टोर्नेडोचे अभ्यासक फुजिताही त्या पाहणीला आले होते, पुढच्याच वर्षी त्यांची मोजपट्टी (आजच्या ईएफचं मूळ, एफ) आली. मग टेकच्या लोकांनी विचार केला की ती एकच खोली मुद्दाम मजबूत का बांधू नये. हवेच्या तोफेतून पंधरा पौंडांचा लाकडी सोट ताशी शंभर मैलांनी भिंतीवर मारून ते चाचणी घेतात. नेहमीची विटांचं अस्तर असलेली लाकडी भिंत त्या सोटाला कागदासारखी असते. सळया घालून काँक्रीटने भरलेली भिंत किंवा पोलादी पत्रा तो थोपवतो.

बहुतेक वेळा दार हरतं. साध्या कुलपाच्या पोलादी दारावर विसंबू नका. तीन बिजागऱ्या, तीन कड्या आणि चौकटीसकट चाचणी झालेलं दारच घ्या. आमच्याकडे गॅरेजच्या फरशीखाली पोलादी पेटी आहे, झाकण सरकवून पायऱ्यांनी उतरायचं, वर गाडी. सगळ्यात सुरक्षित जमिनीखालीच, माझं मत.

---

मेघडंबरी

कौलारू, तुमच्या मताचा आदर आहे, पण आर्द्राच्या सासूबाई त्या पायऱ्या उतरतील का? आमच्या शेजाऱ्यांकडे तशीच पेटी आहे. पायऱ्या म्हणजे जवळजवळ शिडीच. पावसाळी रात्री आजोबा उतरायला तयार होईनात, म्हणून मुलगाही त्यांच्याबरोबर वरच थांबला. पेटी रिकामी आणि सगळं कुटुंब स्वयंपाकघरात.

---

कौलारू

हा विचार मी केला नव्हता, खरंच. आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत. पण आज ना उद्या आम्हीही म्हातारे होणारच.

---

सुतारपक्षी

मेघडंबरींशी पूर्ण सहमत. नीट बांधलेली जमिनीवरची सेफ रूम जमिनीखालच्या शेल्टरपेक्षा कमी नाही. मूरच्या २०१३ च्या टोर्नेडोच्या वाटेतही अशा खोल्या उभ्या सापडल्या. शिवाय ओक्लाहोमाच्या लाल चिकणमातीत जमिनीखाली पाणी झिरपण्याचा त्रास असतोच. जी जागा घरातल्या सर्वात अशक्त माणसाला दोन मिनिटांत गाठता येईल ती योग्य. आणि कुठलीही निवडली तरी शहराकडे तिची नोंद करा, म्हणजे ढिगाऱ्याखाली शोधणाऱ्यांना कुठे बघायचं ते कळतं.

---

पारवा

जुन्या घरात राहणाऱ्यांनी काय करावं? आमचं १९८२ चं आहे.

---

सुतारपक्षी

छप्पर नवं करायची वेळ येईल तेव्हा जुने शिंगल (छपरावरचं पातळ आच्छादन) निघाल्यावर तक्ते उघडे पडतात, तेव्हा रिंग शँक खिळे मारून घ्या. गॅरेजचं दार आज बदलता येतं किंवा आतून आडव्या पट्ट्यांनी बळकट करता येतं. माळ्यावर चढून कडेच्या वाशांना क्लिप लावणं अवघड असतं, पण अशक्य नाही. आणि तयार पोलादी सेफ रूम गॅरेजच्या फरशीला बोल्ट करून बसवता येते. फरशीची जाडी आणि सळया मात्र आधी तपासून घ्या.

---

आर्द्रा

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

बिल्डरला पत्र दिलं. आधी चिडला, मग निरीक्षकाचा अहवाल बघून शांत झाला. क्लिप लागल्या, सगळ्या. मी शिडीवर चढून प्रत्येक भोक बघितलं. दोन क्लिपांत खिळे कमी होते, सुताराने माझ्यासमोर मारले. तो स्वतः मूरजवळ राहतो. खाली उतरून म्हणाला, माझ्या घराचं छप्पर कुणी असं तपासलं असतं तर बरं झालं असतं. नटांना आता पान्याशिवाय हात लावता येत नाही. गॅरेजचं दार बदलून मागवलंय.

सेफ रूम गॅरेजमध्ये करणार होतो. पण मेघडंबरीताईंचं वाचून त्या रविवारी आम्ही उघड्या सांगाड्यातच सराव केला. मी आणि मुलगी झोपायच्या खोलीपासून गॅरेजपर्यंत पाऊण मिनिटात. सासूबाईंना काठी घेऊन चार मिनिटं दहा सेकंद, वाटेत गॅरेजच्या दोन पायऱ्या. नवरा घड्याळ बघत होता, त्याने ते खिशात घातलं आणि काही बोललाच नाही.

आता सेफ रूम सासूबाईंच्या खोलीला लागून आहे, त्यांच्या क्लोझेटच्या जागी. आठ इंची, सळया घातलेल्या काँक्रीटच्या भिंती आणि वर काँक्रीटचंच छत. दार चौकटीसकट चाचणी झालेलं, रुंद, उंबरठा नाही. आत एक खुर्ची कायमची. काल काँक्रीटचा साचा निघाल्यावर त्या स्वतः आत गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि मुलीला म्हणाल्या, तू इथे माझ्या पायाशी बस. पलंगापासून खुर्चीपर्यंत पस्तीस सेकंद.

शहराकडे नोंदणीचा अर्ज आज भरला.